लेकरं घेऊन शिकारीला

प्रिय माय,

आपल्यात पत्र लिहायची पद्धत कधीच नव्हती. मी अकोल्याहून फोन करायची, तू आधी विचारायचीस, "जेवली का व?" आणि बाकीचं बोलणं त्याच्या मागून यायचं. आता तो फोन उरला नाही. पण एक गोष्ट तुझ्याशीच बोलायची आहे, दुसऱ्या कोणाशी बोलून भागत नाही, म्हणून लिहायला बसले. लिहायला लागले की माझी भाषा वर्गात शिकवताना असते तशी होते. तुला हसू येईल. येऊ दे.

रविवारी मनोजचा फोन आला. बंदुकीचा परवाना त्याच्या नावावर झाला. तू गेल्यापासून बंदूक ठाण्यात जमा होती, ती परवा घरी आली. वनखात्याच्या रेंज ऑफिसातून डुकरं मारायची परवानगीही आली आहे. यंदा डुकरांनी आपला हरभरा आणि शेजारचा मका पार उकरून टाकला म्हणे. येत्या आठवड्यात नाल्यात हाका घालायचं, डबे वाजवून डुकरं बाहेर काढायचं ठरलंय. एवढं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, मी स्वराले नेतो म्हणतो संग."

स्वरा पहिलीत आहे, माय. तू शेवटची पाहिलीस तेव्हा तिचा पुढचा दात हलत होता, तो आता पडला.

मी विचारलं, "काहून नेतं तिले?"

"मायनं नाई नेलं आपल्याले? काय झालं आपल्याले?"

मागून प्राजक्ताचा आवाज ऐकू आला. तुझी सून मोठ्यानं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "ताई, तुमीच सांगा यायले. तुमाले लेकरू नाई, पण तुमी सोता लेकरू होत्या तवा. तुमी म्हणान ते मी ऐकीन."

मनोज म्हणाला, "मीबी ऐकीन."

दोघांनी ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि मोकळे झाले. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला बसले आणि तो सगळा दिवस समोर आला. तू म्हणायचीस की या वर्षा पोरीच्या ध्यानात काही राहत नाही, सामान आणायला पाठवली की अर्धं विसरून येते. हे मात्र राहिलं आहे. बघ, काही चुकलं तर.

बाबा गेले तेव्हा मी तिसरीत आणि मनोज बालवाडीत. दर्यापूरच्या रस्त्यावर ट्रकनं मोटरसायकलला धक्का दिला, तिथंच संपले. घरात त्यांच्या वस्तू म्हणाव्यात अशा थोड्याच होत्या. त्यातली एक ती एकनळी बंदूक, पीक राखायच्या परवान्यावर घेतलेली. अख्ख्या गावात परवान्याची बंदूक तेवढीच. बाबांच्या हातून तिनं डुकरं मारण्यापेक्षा आवाजच जास्त केला, असं तूच सांगायचीस.

तेराव्यानंतर दादाराव काका, तुझे दीर, ओट्यावर येऊन बसले होते. तू तुरीच्या शेंगा सोलत होतीस आणि मी दाणे खात होते. काका म्हणाले, "वयनी, बंदूक माया नावानं करून टाका. बाईच्या हातात बंदूक, लोक काय म्हणतीन?"

तू मान वर न करता म्हणालीस, "लोक म्हणतीन, वावर राखून राह्यली."

काका चहा न घेता उठले. त्यानंतर किती वेळा तू अमरावतीला गेलीस, माय? सकाळच्या बसनं जायचं, कचेरीत बाकावर बसून राहायचं, संध्याकाळी परत. शाळेला सुटी असली की आम्हीही तुझ्यासोबत. मला त्यातले फक्त बसस्टँडवरचे आलूबोंडे आठवतात. आणि एकदा एका साहेबानं विचारलेलं आठवतं, "बाई, चालवता येते का बंदूक?" तू म्हणालीस, "येत नाई. शिकून घेतो."

तो हसला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. परवाना तुझ्या नावानं झाला.

शिकवलं युसूफचाचांनी. आपल्या वावराला लागून त्यांचा संत्र्याचा बगीचा, बाबांची लहानपणापासूनची दोस्ती. त्यांच्या घरात आजोबांच्या काळापासून बंदुका हाताळलेल्या. ते म्हणाले होते, "सुव्वर को तो मैं हात नहीं लगाता, बहन. मगर निशाना सिखाने में क्या हरकत है?" नाल्याच्या काठावर मातीचं मडकं ठेवून त्यांनी तुला उभं केलं. पहिल्या बाराला तू मागं बसलीस. मडकं जागेवर, आणि दोन दिवस तुझा उजवा हात वर जाईना. भाकरी मी थापल्या, जाड आणि कच्च्या. मनोज रडत खायचा.

"कंधे के ऊपर नहीं, हड्डी के नीचे लगा," चाचा सांगायचे. हळूहळू मडकी फुटायला लागली. पण तू कधी जनावरावर बंदूक उचलली नव्हतीस. रात्री डुकरं आली की तू आभाळाकडं बार काढायचीस, ती पळून जायची, तिसऱ्या दिवशी परत यायची. बाबांसारखंच.

मग शांताकाकूचं झालं. आपल्या शेजारची शांताकाकू, दिवसाढवळ्या कापूस वेचत होती. तुरीच्या ओळीतून मोठा डुक्कर निघाला आणि त्यानं सुळ्यानं तिची मांडी उघडली. तिला खाटेवर घालून नेताना मी पाहिलं, लुगड्यातून रक्त ठिबकत होतं. ती वाचली, पण पाय कायमचा ओढत चालायला लागली. त्यानंतर वेचणीला बाया मिळेनात. कापूस बोंडांतून लोंबत राहिला. गावानं अर्ज केला, परवानगी आली, वनरक्षक येऊन जागा बघून गेला. आणि सगळे आपल्या अंगणात जमले, कारण बंदूक आपल्याकडं होती.

त्यांना बंदूक पाहिजे होती, तू नको होतीस. काकांनी चालवायची असं ते ठरवूनच आले होते. तू दारात उभी राहून ऐकलंस आणि म्हणालीस, "परवाना माया नावानं हाये. चालवीन तं मीच चालवीन."

मग काका म्हणाले, "अन् लेकरं कोनापाशी ठेवता?"

"लेकरं माया संग येतीन."

माय, इथंच मला तुला अडवायचं आहे. बिल्कीसचाची तिथंच होती, युसूफचाचांची बायको. ती लगेच म्हणाली होती, "मेरे पास छोड दे ना, दिनभर खेलेंगे." शांताकाकूची सासू म्हणाली होती की आमच्याकडं ठेव. ठेवायला जागा नव्हती असं नव्हतं. तू दोघींनाही नाही म्हणालीस. काहून?

कितीतरी वर्षं लोक आपापली उत्तरं देत राहिले. काका म्हणायचे, बाईले अक्कल नाई. वलगावची मावशी म्हणायची, नवरा गेल्यापासून तिचा कोणावर भरवसाच राह्यला नव्हता. मी माझं एक उत्तर करून ठेवलं होतं, की तुला आम्हाला धीट बनवायचं होतं. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मी तसं भाषणही केलं आणि कप आणला. तू तो कप फळीवर ठेवलास, भाषण काय केलं ते विचारलं नाहीस.

हाक्याचा दिवस थंडीचा होता. ऊन वर आलं होतं तरी हरभऱ्यावर दव होतं, आमचे पाय ओले झाले. तू लुगड्याचा काष्टा मारला होतास आणि वरून बाबांचा खाकी सदरा घातला होतास. काडतुसं कमरेच्या पिशवीत. मनोजच्या खिशात तू गुळाचा खडा ठेवलास. नाला जिथं आपल्या वावरात उघडतो तिथं धुऱ्याच्या बांधावर तो कडुनिंब होता. आता नाही, रस्त्याच्या कामात गेला. तू आधी मला वर चढवलंस, मग मनोजला उचलून माझ्याकडं दिलंस. दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात आम्हाला बसवलंस आणि तुझ्या पदराच्या जुन्या पट्टीनं मनोजला फांदीशी बांधलंस.

मग तू खाली उतरून वर पाहिलंस आणि म्हणालीस, "तोंड उघडायचं नाई. खाली उतरायचं नाई. मी पडली तरी उतरायचं नाई. समजलं का?"

मी मान हलवली. मनोज गूळ चोखत होता.

असं कोणी लेकरांना सांगतं का, माय? मी पडले तरी उतरायचं नाही. आज मी तेवढ्याच वयाच्या मुलांना शिकवते. सहलीला नेताना रस्ता ओलांडायचा तर दोघादोघांचे हात धरायला लावते, तरी माझा जीव वर असतो. आणि तू आम्हाला तिथं बांधून ठेवलंस.

नाल्याच्या वरच्या अंगाला माणसं होती, डबे, ताशा आणि कुत्री घेऊन. मध्ये सगळी घाणेरी आणि शिंदीची झाडं, आत काय आहे ते दिसायचं नाही. बाजूला दोन्ही काठांवर भाले घेतलेली माणसं, लांब लांब. तोंडाशी तू एकटी. वनरक्षक होता, पण तोही दुसऱ्या काठावर. तू झाडाकडं पाठ करून उभी राहिलीस. वरून मला तुझा चेहरा दिसत नव्हता. भांग दिसत होता, सदऱ्याची विरलेली कॉलर दिसत होती आणि पाय दिसत होते.

डबे वाजायला लागले. आधी ससे निघाले, मग एक मोर फडफडत गेला. मग घाणेरी हलायला लागली आणि डुकरांची रांग बाहेर आली. मादी पुढं, मागं पट्ट्यापट्ट्यांची पिलं. आपल्या झाडाजवळून गेली. मी श्वास धरून बसले होते. तू बंदूक उचलली नाहीस. तिकडून काका ओरडले, "वयनी, मारा न!" तू हललीही नाहीस. तुला तो मोठा पाहिजे होता, ज्यानं शांताकाकूला फाडलं तो.

तो सगळ्यात शेवटी आला. आला म्हणजे पळत नाही आला. चालत आला, थांबला, मागं डब्यांच्या आवाजाकडं पाहिलं, परत चालला. अंगावर चिखल वाळून पांढरा झाला होता. मला तो म्हशीएवढा वाटला. नव्हता तेवढा, मेल्यावर पाहिला तेव्हा कळलं.

तू बार काढलास. तो बसला, पुठ्ठ्यात गोळी लागली होती. किंचाळला. तो आवाज मी नंतर कुठं ऐकला नाही. आणि तो परत उठला आणि तुझ्याकडं वळला.

एकनळी बंदूक. ती मोडायची, जुनं काडतूस काढायचं, नवं घालायचं. तू नवं काडतूस काढलंस आणि ते तुझ्या हातून सुटलं. आपली काळी जमीन, थंडीत भेगाळलेली. ते काडतूस सरळ भेगेत गेलं. मी वरून पाहिलं ते जाताना. तू खाली वाकलीस, मग सरळ झालीस, पिशवीत हात घातलास. तुझे पाय गुडघ्यापासून कापत होते, माय. काष्ट्याच्या निऱ्या हलत होत्या. वारा नव्हता.

तेव्हाच मनोज ओरडला, "माय व!"

त्यानं डोळे गच्च मिटले होते. किंचाळणं ऐकून ओरडला. डुक्कर बैलगाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर आला होता. तो आवाजानं थबकला आणि झाडाकडं तोंड वर केलं. मी त्याच्या तोंडात पाहिलं. सुळ्यांवर फेस होता. तेवढ्यात तू बंदूक बंद केलीस आणि दुसरा बार काढलास. तो तिथंच कुशीवर पडला, पाय झाडले, थांबला.

मनोजनं चड्डीत केलं होतं. ते फांदीवरून खाली तुझ्या खांद्यावर ठिबकत होतं, तुला कळलंही नाही.

माणसं धावत आली. तू आधी झाडाकडं वळलीस, मनोजला सोडवून खाली घेतलंस आणि त्याच्या थोबाडीत मारलीस. "तोंड उघडायचं नाई म्हटलं होतं न तुले?" मग त्याला तसाच धरून तू धुऱ्यावर खाली बसलीस आणि बराच वेळ उठली नाहीस. लोकांना वाटलं, पोराला समजावते आहे. मी जवळ उभी होते. तुला उठता येत नव्हतं.

काका येऊन म्हणाले, "पोट्ट्याईले कायले आणलं इथी? काही झालं असतं तं?"

मग तू आम्हा दोघांना त्या डुकरापाशी नेलंस. "हात लावा," म्हणालीस. मला लावायचा नव्हता. तू माझा हात धरून त्याच्या मानेवर ठेवलास. केस तारेसारखे राठ आणि खाली कातडी गरम. डोळ्याला पापण्या होत्या, लांब, माणसासारख्या. तू म्हणालीस, "हे गंमत नोय. जीव गेला एक. ध्यानात ठेवजा." नंतर वनरक्षकानं पंचनामा केला, जनावर पुरलं, आणि बायांनी दुसऱ्या दिवसापासून वेचणी धरली. तुला दोन दिवस ताप होता. मी बरेच दिवस झोपेत दचकून उठायची, तू पाणी पाजून परत निजवायचीस. मनोज मात्र शाळेत सांगत सुटला की आपल्या आवाजानं डुक्कर थांबला. खोटं नव्हतं ते.

त्यानंतर दर वर्षी हाका झाला. दर वर्षी तूच गेलीस. काका पुढं पुढं तुझ्या बाजूला भाला घेऊन उभे राहायचे. आणि आम्हाला तू बिल्कीसचाचीकडं ठेवायचीस. आम्ही दिवसभर संत्री खायचो आणि लांबून बार ऐकायचो. परत कधी नेलं नाहीस. मला वाटायचं, त्या दिवशी थोडक्यात वाचलो, म्हणून तू शहाणी झालीस.

मग गेला उन्हाळा. अमरावतीचं हॉस्पिटल, दुसऱ्या मजल्यावरची ती खाट, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. मनोज औषधं आणायला गेला होता. दुपारची वेळ, तू जागी होतीस, बरं बोलत होतीस. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. तुला कोणी सांगितलं नव्हतं, पण तुला माहीत होतं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "माय, तवा आमाले हाक्याले काहून नेलं होतं व? चाची ठेवून घेत होती न?"

तू अंगावरची चादर सारखी केलीस. मग म्हणालीस, "मले भेव वाटत होतं."

"आमचं?"

"तुमचं कायचं? मायं. मले मायं भेव वाटत होतं का मी पळून येईन. तो डुक्कर मले ठाऊक होता. शांताची मांडी मी सोता बांधली होती. एकटी रायली असती तं बंदूक टाकून पळाली असती मी. मंग गावानं बंदूक बी नेली असती अन् वावर बी नेलं असतं." आणि म्हणालीस, "तुमी दोघं मांगं झाडावर होते. आता पळू कोठी?"

तू पाणी मागितलंस. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, "मंग पुढच्या सालापासून काहून नाई नेलं?"

"मंग गरज नाई पडली."

एवढंच. मग तू विचारलंस, मनोज जेवला का.

माय, मी तेव्हा तुझ्यावर रागावले होते. दाखवलं नाही, कारण ती वेळ नव्हती. पण आता सांगते. तू स्वतःला बांधायला आमचा खुंटा केलास. बैल बांधावा तसं तू स्वतःला आमच्याशी बांधलंस, आणि आम्ही कुठं होतो? सुळ्यांच्या समोर. तुझा दुसरा बार चुकला असता तर? मी नुकती चौथीत गेलेली पोरगी त्या झाडावर बसून काय पाहत राहिले असते? तू मला विचारलं नाहीस. लेकरांना कोण विचारतं, असं तू म्हणशील.

मग आठवडे गेले, तुझं सगळं आटोपलं, मी अकोल्याला परत आले. आणि एक दिवस शाळेतून येताना, रिक्षात बसल्या बसल्या, मला तुझं वय मोजावंसं वाटलं. तेव्हा तू माझ्या आताच्या वयापेक्षाही लहान होतीस. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. दीर वावराकडं डोळा लावून बसलेला. आणि गाव बंदूक मागायला अंगणात. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? मला अजून उत्तर आलेलं नाही. राग गेला असं म्हणणार नाही. पण आता त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं आहे.

काल संध्याकाळी मी मनोजला फोन केला. म्हटलं, "मन्या, एक सांग. तुले भेव वाटते का हाक्याचं?"

"कायचं भेव? मायचा पोरगा हाये मी."

"मंग स्वराले कायले नेतं?"

"अशीच. पाहीन थे. आपून नाई पाह्यलं?"

"तू नाई पाह्यलं. तुये डोये मिटले होते."

तो हसला. मग मी त्याला हॉस्पिटलातलं सांगितलं, सगळं, तू बोललीस तसंच. त्याला माहीत नव्हतं. तू त्याला कधी सांगितलं नव्हतंस आणि मीही आजवर बोलले नव्हते. पलीकडं अंगणात स्वरा कोणाशी तरी भांडत होती ते ऐकू येत होतं.

मग तो म्हणाला, "मले तं वाटे, मायले भेवच नाई लागत."

"पाय कापत होते तिचे. मी पाह्यले."

मग हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू का ताई, मलेबी वाटून राह्यलं. प्राजक्ताले सांगजो नोको."

मी म्हटलं, सांगत नाही. पण स्वराला न्यायचं नाही. माय एकटी होती, तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तुझ्या मागं उभं राहायला मोठी माणसं आहेत. सहा वर्षांच्या पोरीवर ते काम टाकायचं नाही. तो "बरं" म्हणाला. वाद घातला नाही. मला वाटतं, कोणीतरी नाही म्हणावं याचीच तो वाट पाहत होता. प्राजक्तानं फोन घेऊन फक्त "ताई" म्हटलं आणि ठेवला.

म्हणून मी शाळेत रजा टाकली आहे. हाक्याच्या आदल्या दिवशी अंजनगावला, आपल्या घरी येते. निंब तर राहिला नाही, आणि या वयात मला झाडावर चढता येणार नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करू म्हणतो मनोज, तीवर बसेन त्याच्या मागं. मला बंदूक चालवता येत नाही, डुकराची भीती अजून तशीच आहे. मी मागं बसल्याचा त्याला काही उपयोग होईल का? तुला झाला होता.

स्वरा त्या दिवशी घरी राहील, रुसेल, आणि संध्याकाळी मला विचारील की आजी डुकराला कशी मारायची. गावात तिनं तुझ्या बऱ्याच गोष्टी ऐकल्या आहेत. त्यांत तू वाघीण आहेस, एका बारात दोन डुकरं पाडतेस. माय, मी तुला शब्द देते, मी तिला तसलं काही सांगणार नाही. मी सांगीन की तुझी आजी फार घाबरली होती, काडतूस तिच्या हातून पडलं होतं, आणि तिचे पाय मी वरून पाहिले. आणि ते पाय तिथून हलले नाहीत, हे सांगीन.

तुझी,
वर्षा